उतरवलेलं पाणी

पाणी यायच्या आधी त्याचा आवाज यायचा. उन्हाळ्यात आमच्या गावाला दहा-बारा दिवसांनी नळ सुटायचा आणि सुटायच्या आधी अर्धा तास पाइपातून कोणीतरी लांबून श्वास ओढत येतंय असं वाटायचं. आधी नुसतं सूं सूं, मग घशात काही अडकावं तशी घरघर, मग एकदम शांत. माय हातातलं लाटणं टाकून उठायची आणि "ऊनं, ऊनं," म्हणजे आलं, आलं, म्हणत हंडे पुढे ओढायची. धरणगावच्या अलीकडचं आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या गल्लीतली माणसं अजून तिथेच आहेत आणि जे घडलं त्यात त्यांचा काही दोष नव्हता. दोष होता तो आमच्या घरात होता, आणि त्यातला माझा वाटा किती हे लिहायचं मी आजवर टाळत आले. धुळ्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, मुलांना खरं बोला म्हणून छळलं, आणि स्वतः मात्र या एका गोष्टीपाशी आले की पान उलटून पुढे जात राहिले.

आमचे नाना कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. मोडकं यंत्र दिसलं की त्यांचे डोळे चमकायचे, मायला मात्र घाम फुटायचा, कारण ते घरी यायचं. गावात नळाला जोर नसायचा, म्हणून प्रत्येकानं दारापुढे कमरेएवढा खड्डा खणून नळ खाली घेतला होता. दोन पायऱ्या उतरून, कंबर मोडून, तांब्या-तांब्यानं पाणी भरायचं. एका वर्षी नानांनी जिनिंगमधली जुनी मोटर आणली, दुरुस्त केली आणि नळाला जोडली. पाणी थेट रांजणात, तिथून पुढे धाब्यावरच्या, म्हणजे सपाट छतावरच्या टाकीत. गल्ली बघायला लोटली. खड्ड्यावर शहाबादी फरशी बसली आणि नाना मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आते मना घरमा कोनी खड्डामा उतरानं नही." खड्ड्यातला एक जोड गळका होता, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून त्यांनी तो तात्पुरता बांधला. आमच्या घरात तात्पुरतं म्हणजे निदान चार-पाच वर्षं. मोटर सुरू झाली की माय पहिलं पाणी प्यायच्या रांजणात घ्यायची. पिण्याचं आधी, वापरायचं नंतर, असा तिचा नेम होता, आणि कोणत्याही नीट संसार करणाऱ्या बाईला तो बरोबरच वाटला असता.

घरात आणखी एक बाई होती. नानांची मोठी बहीण, जिला आम्ही आणि सगळं गाव अक्का म्हणायचं. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन परत आलेली. मला आठवते ती पहिली अक्का सगळ्यांची जेवणं झाल्यावर चुलीकडे तोंड करून खाणारी, भांड्यांच्या ढिगापाशी बसलेली. मग यावलकडच्या कुणा म्हातारीकडून ती कावीळ उतरवायला शिकली आणि हळूहळू घरातली तिची जागाच बदलली. रविवारी आणि बुधवारी आमच्या ओट्यावर नवी माणसं यायला लागली. नाना तिला विचारून बाजाराला जायला लागले. माय तिला पहिलं ताट वाढायला लागली. अक्का पितळी ताट पुढे घ्यायची, आजाऱ्याचे दोन्ही हात त्यात धरायची, डबीतला काळसर लगदा तळहातांना चोळायची आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत वरून चुन्याची निवळी ओतायची. हातांवरून उतरणारं पाणी बघता बघता पिवळं व्हायचं. बायका "व माय!" म्हणून तोंडाला पदर लावायच्या. असं ओळीनं सात दिवस. पैसा घ्यायचा नाही, पण दोन नियम कडक होते. उतरवलेलं पिवळं पाणी कोणाच्या पायाखाली येता कामा नये. आणि आलेल्या माणसानं आमच्या घरचं पाणी प्यायल्याशिवाय उंबरा सोडायचा नाही, नाहीतर कावीळ उंबऱ्यावरूनच परत फिरते.

पिवळं पाणी टाकायचं काम माझं. आधी मी ते गल्लीच्या टोकाशी बाभळीखाली नेऊन ओतायची. ताट हिंदकळू न देता, उन्हात, अनवाणी. मोटर बसली आणि एक दिवस अक्काच म्हणाली, "छबू, इतली लांब कसाले जास? खड्डामा ओत. तठे आते कोनाच पाय पडत नही." मला आनंदच झाला. मी फरशीचा कोपरा उचलायची, ताट तिरपं करायची आणि फरशी परत लोटायची. पाणी तळाशी साचून राहायचं. दोन-चार ताटांनंतर नळाचा जोड त्यात बुडायचा. आणि नळाच्या दिवशी संध्याकाळी पाहावं तर खड्डा कोरडा. अक्काला विचारलं तर ती अगदी सहज म्हणाली, "धरतीमाय पी लेस, बेटा." एकदा मी मोटर चालू असताना फरशीच्या फटीतून आत पाहिलं. पिवळं पाणी जोडापाशी गोल गोल फिरत होतं, एवढासा भोवरा, आणि पाणी खाली खाली जात होतं. खरंच कोणीतरी पीत होतं. मी आत पळाले. पुढे वर्गात हवेच्या दाबाचा धडा शिकवताना, मोटर रिकाम्या नळातून ओढायला लागली की ती फटीतून बाहेरचंही ओढून घेते हे मी फळ्यावर काढून दाखवायची, आणि दर वर्षी त्या चित्रापाशी माझा खडू मोडायचा. मुलं हसायची.

अकरावीला विज्ञान घेतलं त्या वर्षीच्या चैत्रातली गोष्ट. भर दुपार होती. अक्का कोनाड्याखाली आडवी झाली होती, माय धाब्यावर बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी ताट घेतलं, डबीतला लगदा चमच्यानं ताटात टाकला आणि त्यावर निवळी ओतली. कोणाचे हात नव्हते, मंत्र नव्हता, आजारी माणूस नव्हता. पाणी पिवळं झालं. मी ताटाकडे बघत बसले. पहिला विचार काय आला असेल? ताटालाच कावीळ झाली! हसू येतं आता, पण तेव्हा त्या शांत घरात मी ताटापासून मागे सरकले होते. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. आंब्याच्या सालीचा तो लगदा आणि चुना. दोन्ही एकत्र आले की रंग येणारच, हात कोणाचेही असोत. मी ताट धुऊन पालथं घातलं आणि गप्प बसले. सांगितलं असतं तर अक्का परत चुलीकडे तोंड करून जेवायला बसली असती, हे मला दिसत होतं. शिवाय माणसं बरी होत होती की. बहुतेकांची कावीळ आपली आपणच बरी होते, हे तेव्हा मला कुठे माहीत होतं?

वैशाखात ताई बाळंतपणाला आली. विमलताई, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, रावेरला केळीवाल्यांच्या घरी दिलेली. सातवा संपून आठवा लागला होता. येताना केळीचा एक अख्खा घड घेऊन आली आणि एसटीतून उतरतानाच म्हणाली, "छबू, आधी पानी दे व. तठलं पानी मचूळ लागस, गयामा उतरत नही." रांजणातले दोन तांबे उभ्या उभ्या प्यायली. माय तिच्यासाठी कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत करायची, वर कच्च्या तेलाची धार. ताई खायची थोडं आणि प्यायची फार. माहेरचं पाणी गोड, माहेरचं पाणी गार, हे तिचं पालुपद. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या रांजणाला पाठ लावून ती दुपारची बसायची आणि पोटावर हात ठेवून आत काय चाललंय ते मला सांगायची.

त्या उन्हाळ्यात ओट्यावरची गर्दी वाढली होती. आधी आठवड्याला तीन-चार जण यायचे, आता एका दिवसाला दहा. आणि एक विचित्र गोष्ट मी पाहत होते. सोबत म्हणून आलेली माणसं, नवरा, सासू, शेजारीण, महिन्या-सव्वा महिन्यानं स्वतः आजारी होऊन परत यायची. दुपारच्या पांढऱ्या उन्हात ती भिंतीला टेकून रांगेनं बसलेली असायची, कोणी कोणाशी बोलायचं नाही, आणि मी तांब्या घेऊन पुढे गेले की सगळे एकदम मान वर करायचे. सगळ्यांचे डोळे पिवळे. मी प्रत्येकाच्या ओंजळीत पाणी घालायची. पाणी स्वच्छ, नितळ, वाळ्याचा वास असलेलं. गावात लोक म्हणायला लागले की यंदा कावीळ अक्काच्या वासावरच आली आहे, काविळीचं अक्काशी वैर पडलं आहे. अक्काला ते आवडलं नाही. ती जास्त वेळ पुटपुटायला लागली.

येऊन महिना झाला आणि ताईला आधी कसकस आली, मग अन्नाचा वास नको झाला. उन्हाची बाधा असेल, पोटुशी बाईला व्हायचंच, असं म्हणून मायनं कांदा आणि पन्ह्यावर आठवडा काढला. एका सकाळी ताईनं बिबड्याच्या परातीवरून मान वर केली. ओट्यावरच्या रांगेतली एक पिवळी नजर आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती. मायला सांगितलं. माय रडली नाही, उलट सुटल्यासारखी म्हणाली, "घरमाच दवा शे, मंग भ्यानं काय!" त्याच दिवशी अक्कानं ताईचे हात ताटात धरले. सात दिवस मोजायला लागले.

मला पहिल्याच दिवशी बोलता आलं असतं. हे वाक्य मी इथे साधं, उघडं लिहून ठेवते. मी ते पिवळं पाणी उचललं, खड्ड्यात ओतलं आणि बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलेन म्हटलं. दुसऱ्या दिवशी ताईला जरा बरं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून ती दिवसभर झोपायला लागली. हाक मारली तर ओ द्यायची, पण उशिरा, आणि हात पुढे केले की पंजे थरथर हलायचे. चौथ्या दिवशी तिनं भरलेला पेला हातात धरून मला विचारलं, याचं काय करायचं असतं? पाचव्या दिवशी दुपारी मी तिला वारा घालत होते. ती डोळे मिटूनच म्हणाली, "छबू, नळ ऊना."

"नही ताई. आज नळ नही शे. अजून पाच दिन शेत."

"ई ऱ्हायना ना. दख, आवाज ई ऱ्हायना." आणि ती तोंडानं तो आवाज काढायला लागली. सूं सूं, मग घशातली घरघर, मग शांत. परत पहिल्यापासून. हुबेहूब. माय दाराशी येऊन उभी राहिली आणि आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता ते ऐकत राहिलो.

सहाव्या दिवशी सकाळी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला एक माणूस गल्लीत आला. गावात कावीळ फार झाली म्हणून घराघरातलं पाणी तपासत होता. पांढरा बुशशर्ट, खांद्याला झोळी, बोलणं अगदी ऑफिसातलं. त्यानं आमच्या रांजणातलं पाणी एका काचेच्या नळीत घेतलं, बाटलीतले दोन थेंब टाकले आणि उजेडात धरलं. पाणी होतं तसंच राहिलं, स्वच्छ.

"चांगलं शे ना, भाऊ?" मायनं विचारलं.

"नाही, मावशी. पाण्यात जंतू मारायचं औषध असतं तर हे पिवळं झालं असतं. हे पिवळं व्हायलाच पाहिजे."

आतून अक्का बाहेर आली. "पानी पिवळं व्हवाले जोयजे?" तिनं त्या नळीकडे असं पाहिलं की मला तिची दया आली.

त्यानं नळ कुठे आहे विचारलं. नाना घरीच होते, त्यांनी फरशी सरकवली. मी रोज कोपराच उचलायची, सगळा खड्डा उघडा असा मी पहिल्यांदा पाहिला. तळाला पिवळं पाणी, भिंतींना वीतभर चुन्याची पिवळट साय, आणि त्यात बुडालेली ट्यूबची पट्टी. शेजारच्या गटाराचीही ओल एका बाजूनं आत झिरपत होती. "यात काय ओतता?" तो म्हणाला. मग मीच सांगितलं, काविळीचे हात धुतलेलं पाणी. त्यानं वर पाहिलं, भिंतीवरची मोटर पाहिली आणि नानांना म्हणाला, "आबा, जरा बटन दाबा."

"आज नळ नही शे," नाना म्हणाले.

"म्हणूनच दाबा."

मोटर घरघरली. खड्ड्यातलं पाणी एकदा थरथरलं आणि जोडापाशी तो भोवरा फिरायला लागला. पाणी बोटा-बोटानं खाली जायला लागलं. नाना फिटर होते, कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी बटन बंद केलं आणि खड्ड्याच्या काठावर बसले. "मी गावले हाईच पाजं," एवढंच ते म्हणाले. तेवढ्यात आतून ताईचा तो आवाज आला. सूं सूं, मग घरघर. दवाखान्याच्या माणसानं चपला काढल्या आणि न विचारता तो आत गेला. मायनं त्याला घरात कोणी आजारी नाही म्हणून सांगितलं होतं; भरल्या पोटाच्या आंडेरचं, म्हणजे लेकीचं, आजारपण परक्याला कोण सांगतं?

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. "हिला आत्ताच्या आत्ता जळगावला न्या. गरोदर बाईला ही कावीळ डोक्यात चढते. थांबू नका."

"उद्याना दिन शे फक्त," अक्का म्हणाली. "सातवा. आज मोडं ते बठ्ठी कावीळ उलटी जाई." आणि माय तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली. नाना खाली बघत होते. त्यांच्या मोटरीनं त्यांची वाचा घेतली होती.

मी आत गेले, ताट आणलं, डबी आणली. सगळ्यांच्या पुढे ओट्यावर ताट ठेवलं, लगदा टाकला, निवळी ओतली. दोन्ही हात पाठीमागे धरले. पाणी पिवळं झालं. नाना उठले आणि जीप बघायला धावले. माय ताईकडे आत पळाली. दवाखान्याचा माणूसही तिच्या मागे गेला. ओट्यावर अक्का आणि मी राहिलो. अक्कानं बोट बुडवून पाहिलं. ते ती पहिल्यांदाच पाहत होती, याबद्दल मला आजही शंका नाही. ती माझ्याकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, "तुले कधीपाईन माहीत व्हतं?"

"चैत्रापासून."

"मी नही जानत व्हतू, छबू," ती म्हणाली. "तू जानत व्हती."

जळगावच्या मोठ्या दवाखान्यात ताई तीन दिवस होती. पोटातलं आधीच गेलं होतं. तिनं शेवटी कोणालाच ओळखलं नाही, त्या आवाजाशिवाय काही बोलली नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी जिन्यात गाठून विचारलं, आठवडाभर आधी आणली असती तर? त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "सांगता येत नाही. पण आणायला हवी होती." नानांनी घरी येऊन पहारीनं खड्ड्यावरची फरशी फोडली, मोटर जिनिंगच्या भंगारात नेऊन टाकली आणि पुढे आयुष्यभर कोणत्याही यंत्राला घरात येऊ दिलं नाही. अक्कानं ताटाला परत हात लावला नाही. लोक तरीही येत राहिले, आणि ती आतूनच ओरडून सांगायची, अक्का घरी नाही. गावात मात्र एकच गोष्ट पसरली: सहाव्या दिवशी धाकटीनं मोडलं, म्हणून थोरली गेली.

मायनंही तेच धरलं. ती माझ्याशी वाईट वागली नाही, पण वर्षातून एकदा तरी, पापड लाटताना, कोणाच्या लग्नात, काही कारण नसताना म्हणायची, "एकच दिन व्हता व छबू. एक दिन थांबती ते?" मी नोकरीला लागले, लग्न झालं, नाना गेले, अक्का गेली. शेवटची दोन वर्षं माय माझ्याकडे धुळ्याला होती. पाणी मी उकळून गाळून द्यायची, तिला ते पचपचीत लागायचं. एका सकाळी केस विंचरून घेता घेता ती परत म्हणाली, "एकच दिन व्हता." आणि माझा इतक्या वर्षांचा बांध फुटला. मी फणी खाली ठेवली. म्हटलं, "माय, एक दिवस लवकर नाही. मी सहा दिवस उशीर केला. ते खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी गप्प बसले. ताई माझ्यामुळे गेली असेल, तर ती त्या सहा दिवसांमुळे."

मायनं मांडीवर गळलेले केस उचलून बोटाला गुंडाळले. मला वाटलं, ऐकूच आलं नाही.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "अक्कानी माले तवयच सांगेल व्हतं."

मग मागे न वळता तिनं हात वर करून माझं मनगट धरलं. "एक दिनना राग करता येस, छबू. म्हनीसन मी एकच दिन धरी बठनू. सहा दिनना कसा करू? तू बी मनीच आंडेर शे."